जाकीट म्हणालो, तिथे चुकलं

किस्से साठतात ते घरातल्या जुन्या स्वेटरांसारखे. मुद्दाम कोणी साठवत नाही, टाकवत नाहीत म्हणून राहतात. थंडी पडली की कोणीतरी म्हणतं, "अरे, तो कोंबड्यांचा सांग ना!" आणि मग एकातून दुसरा निघत जातो. आमच्या सायकलवाल्यांचं तसंच झालंय. गंमत म्हणजे सगळे किस्से कपड्यांचेच. काय घातलं, काय काढलं, काय घालायला हवं होतं. त्यातल्या एकाला बाकीचे अजून हसतात. मला नाही हसू येत. का, ते सांगतो.

आम्ही चौघं. मी डहाणूत सरकारी कचेरीत कारकून. सावे सर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. भास्करची तलासरीला पोल्ट्री आहे. चौथे देवजीकाका, उधव्याच्या बाजूला एका पाड्यावर राहतात, पोस्टातून रिटायर झालेले. पस्तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली त्यांनी. आम्हा तिघांना सायकलचा नाद लागला दोन हजार चौदाला. काकांना कधी लागला ते त्यांनाही आठवत नाही. रविवारी पहाटे मी आणि सर डहाणूहून निघायचो, तलासरीच्या नाक्यावर भास्कर आणि काका भेटायचे, आणि मग चौघं मिळून जिकडे रस्ता जाईल तिकडे.

* * *

पहिलाच हिवाळा. डहाणूची थंडी ती काय, समुद्र शेजारी, त्यामुळे बिचारी बेतानेच असते. मी आपला टी-शर्टवर निघालो. तलासरी सोडून उधव्याकडे वळलो आणि जे धुकं लागलं, ब्रेकवरची बोटं उघडेनात!

सरांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला, तास घेतला. "एक जाडजूड स्वेटर नको. तीन पातळ लेयर. आतला घाम टिपणारा, मधला ऊब धरणारा, वरचा वारा अडवणारा. आणि लक्षात ठेवा, बसून राहणाऱ्याला जास्त कपडे लागतात, पेडल मारणाऱ्याला कमी. निघताना जरा कुडकुडलात तर समजा बरोबर घातलंय!"

भास्कर त्या दिवशी आला नव्हता. संध्याकाळी मीच फोन केला. "पुढच्या रविवारी तीन लेयर घेऊन ये. सरांची ऑर्डर आहे."

रविवारी भास्कर वेळेवर हजर. कॅरिअरला टोपली बांधलेली, आणि टोपलीत तीन कोंबड्या! पोल्ट्रीवाल्यांच्यात खायची कोंबडी ती ब्रॉयलर आणि अंड्यांची ती लेयर.

सर बघतच राहिले. भास्कर म्हणाला, "चांगल्या अंड्यावरच्या बघून आणल्यात. पण सर, तुम्ही तर अंडंपण खात नाही ना?"

परत सोडायला जायचं कोण, म्हणून कोंबड्या आमच्याबरोबर उधव्याला जाऊन आल्या. वाटेत एकीने अंडं दिलं. काकांनी ते थंड हातात धरलं, जरा वेळ धरूनच ठेवलं आणि म्हणाले, "सर, मधला लेयर ऊब धरतो हां!"

* * *

काकांचे स्वतःचे लेयर म्हणजे एक हाफ शर्ट आणि कालचा पेपर. पेपर उघडायचा, छातीवर नीट पसरायचा, वरून शर्टाची बटणं लावायची. पेडल मारायला लागले की काका करकर वाजायचे.

सरांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना राहवेना. "वारा अडतो, घाम शोषतो, ओला झाला की फेकून दुसरा घाला! काका, हे सगळं पुस्तकातलं आहे!"

"पुस्तक नाय सर," काका म्हणाले, "पेपर आहे."

नोकरीत असतानाची गोष्ट काकांनीच सांगितलेली. उधव्याच्या एका गुरुजींना टपालाने साप्ताहिक यायचं. एकदा अशी थंडी पडली की दात वाजायला लागले, आणि नेमका जुना पेपर जवळ नाही. काकांनी गुरुजींचं साप्ताहिक छातीशी सरकवलं. आठ वाजता त्यांच्या ओट्यावर जाऊन हातात दिलं. गुरुजींनी चाचपून पाहिलं. "देवजी, हा गरम कसा रे?"

"ताजा आहे ना, गुरुजी!"

हे सांगून काका स्वतःच खूप हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पण पत्र कधी नाय घातलं हां आत. घामाने शाई पसरते. लोक वाट बघत असतात."

* * *

आता तो किस्सा. जानेवारी दोन हजार सोळा. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला जायचं ठरलं, तलासरीहून हायवेने. थंडी कडक होती. त्यात हायवेला एकेक ट्रक बाजूने गेला की गार वाऱ्याची थप्पड बसते. मला काकांची काळजी वाटली. शनिवारी मी त्यांना फोन केला. "काका, उद्या नुसत्या पेपरवर येऊ नका. जाकीट घालून या."

मला म्हणायचं होतं जॅकेट. पण कचेरीत पंधरा वर्षं मराठीच्या टिपण्या लिहून लिहून माझ्या तोंडात जाकीटच बसलंय. आणि आमच्याकडे जाकीट म्हणजे काय? बिनबाह्यांचं, लग्नात घालतात ते!

काका आले ते मुलाच्या लग्नातलं मरून जाकीट घालून. सोनेरी बटणं, आत हाफ शर्ट, दोन्ही हात कोपरापासून उघडे. भास्कर ओरडला, "काका, नवरी कुठाय?" पोट धरधरून हसलो आम्ही. सगळ्यात जास्त मी हसलो.

परतताना मात्र काका मागे पडायला लागले. जाताना घामाने शर्ट भिजला होता आणि आता समोरून वारा. विवळवेढे सोडून जेमतेम पाऊण तास झाला असेल, ते सायकल थांबवून उभे राहिले. ओठ काळेनिळे. मी माझा स्वेटर काढून त्यांना घातला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की काका आज वाजत नाहीयेत.

"काका, पेपर?"

"पेपर घातला तर जाकिटाचं बटण लागत नव्हतं," ते म्हणाले. "तू मुद्दाम फोन करून सांगितलंस, म्हणून मग पेपर काढला."

तिसऱ्या दिवशी ताप आला. न्यूमोनिया. वापीला बारा दिवस हॉस्पिटलमध्ये, त्यातले चार ऑक्सिजनवर. बाहेरच्या बाकावर मी आणि काकी. मी काकीला सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. तिने डबा उघडून माझ्यासमोर सरकवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

सोडताना डॉक्टरांनी त्यांच्या गुजरातीत बजावलं, "छातीने पवन न लागवो जोईए." छातीला वारा लागता कामा नये. पुन्हा असं झालं तर फुफ्फुसं साथ देणार नाहीत, असंही सांगितलं. काकीला गुजराती समजावून सांगावं लागत नाही, सगळा बाजारहाट सीमेपलीकडचा. गाडीत बसेपर्यंत ती स्वतःशीच पुटपुटत होती, "पवन न लागवो... पवन न लागवो..."

* * *

घरी आल्या आल्या काकीने काकांच्या सायकलची सीट काढली आणि भाताच्या कणगीत खोल खुपसून ठेवली. "सीट नाय तर सायकल नाय!"

पुढचे दोन हिवाळे आम्ही तिघंच फिरलो. अधूनमधून पाड्यावर जायचो. काका ओट्यावर बसलेले असायचे. समोर सायकल, बिनसीटची, पण चकचकीत. रोज पुसायचे, चेनला तेल द्यायचे, हवा भरायचे.

सरांनी एकदा विचारलं, "काका, चालवायची नाही तर हवा कशाला भरता?"

"टपाल आलं तर?" काका म्हणाले.

काका दर खेपेला आधीपेक्षा कमी बोलायचे, कमी जेवायचे. पस्तीस वर्षं रोज दहा घरी ज्याला चहा व्हायचा तो माणूस ओट्यावरून उठेनासा झाला. शेवटी मी काकीसमोर जाऊन बसलो. "काकी, माझ्यामुळे झालंय हे. वारा आरपार जाणार नाही असं जॅकेट आणतो. मग द्याल सीट?"

काकी तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "आण तर खरं. पण पवन जातो की नाय, ते मी बघीन. तुझ्या बोलण्यावर नाय देणार."

* * *

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर जॅकेट घ्यायला आम्ही तिघं वापीला गेलो. सरांची तयारी परीक्षेची. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी एक लाल जॅकेट चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली, कोपऱ्यातला मोठा पंखा स्वतःसमोर लावून घेतला आणि दहा मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. मग दुसरं जॅकेट. मग तिसरं. गिऱ्हाइकं जमली बघायला.

शेवटी मालक हात जोडून म्हणाला, "साहेब, आपको जॅकेट लेना है के पंखा?"

आम्ही पहिलंच घेतलं, लाल. धुक्यात लांबून दिसेल म्हणून.

पाड्यावर गेलो. काकीने जॅकेट हातात घेतलं, बाहीला आतून तोंड लावलं आणि जोरात फुंकर मारली. बाहेरून तळहात धरून बघितला. पुन्हा फुंकली. "नाय जात," ती म्हणाली, आणि माझ्या जिवात जीव आला.

काकांनी जॅकेट चढवलं आणि भास्करच्या सायकलवर पाड्याच्या चढावरून फक्त दोन चकरा मारल्या. उतरले, चेन उघडली, तर आतला शर्ट पिळून घ्यावा इतका भिजलेला!

"आत पाऊस पडतो रे याच्यात," काका म्हणाले.

सरांचा चेहरा पडला. जॅकेट घातलं तर घाम, काढलं तर वारा, आणि ओल्या छातीला वारा म्हणजे पुन्हा तेच हॉस्पिटल. काकी त्या ओल्या शर्टाकडे बघत होती. मी काय ते समजलो आणि जॅकेटची घडी घालायला लागलो.

"ऱ्हाऊ दे ते इथेच," काकी म्हणाली. "पेडल मारणाऱ्याला लय होतं म्हणजे. बसलेल्याला?"

"बसलेल्याला बरोबर होईल," सर म्हणाले. "पण बसून राहायचं तर जॅकेट कशाला, काकी?"

काकी ओट्यावरचं सूप उचलून आत गेली.

* * *

त्यानंतरचा रविवार. तलासरीच्या नाक्यावर आम्ही तिघं चहा घेत उभे. उधव्याच्या रस्त्यावर असं धुकं की दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. त्या धुक्यातून घंटी वाजली. ट्रिंग, जरा थांबून ट्रिंग ट्रिंग. टपाल आल्याची घंटी. जवळजवळ तीन वर्षांनी ऐकली. भास्करने चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला.

आधी लाल जॅकेट दिसलं. पण ते होतं हॅन्डलला अगदी चिकटून. मग सायकल दिसली, काकांचीच, सीटसकट. सीटवर काका, हाफ शर्टावर, करकर वाजत, आणि हसत. आणि पुढच्या दांडीवर आडवी बसलेली काकी! अंगात ते लाल जॅकेट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, आणि पाठ काकांच्या छातीला टेकवलेली.

माझं डोकंच फिरलं. सायकल थांबायच्या आत मी ओरडलो, "काका, जॅकेट तुम्ही घालायचं होतं! काकी, डॉक्टर काय म्हणाले होते? विसरलात?"

काकी सावकाश खाली उतरली. आधी मागे वळून काकांच्या शर्टात हात घातला, छाती चाचपली, पेपर कोरडा आहे ना ते बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"छातीला पवन नाय लागला पाहिजे, असं बोलला ना डॉक्टर?" ती म्हणाली. "बसलीय ना मी पुढे! आता लाग म्हणावं!"