नव्वदाव्या दिवसाचा सत्कार

हिरडाटोल्याच्या केशोराव बिसेनांना रेल्वेने कधी नोकरी दिली नाही, पण बावीस वर्षं ते रेल्वे आपल्या बापाची असल्यासारखे राबले. ते गावच्या हाल्टवरचे, म्हणजे मिनिटभर गाडी थांबण्यापुरत्या छोट्या स्टेशनावरचे, कमिशन एजंट. गोंदियाहून तिकिटांचा गठ्ठा आणायचा, पत्र्याच्या खोलीची खिडकी उघडायची आणि दिवसातून एकदाच थांबणाऱ्या पॅसेंजरची तिकिटं विकायची. किल्ली कायम करगोट्याला.

मग वरून फर्मान आलं. नव्वद दिवस रोज पन्नास तिकिटं खपली पाहिजेत. एक दिवस जरी कमी पडली, तर हाल्ट बंद. गावात मोटारसायकली उदंड, गाडीने जातो कोण? पण हाल्ट गेला की केशोरावांचं अख्खं जगणं गेलं, आणि टाइमटेबलातून गावाचं नावही गेलं. तेव्हा गावाने शक्कल लढवली. रोज पन्नास घरांनी एकेक तिकीट काढायचं आणि कुठेही जायचं नाही. शेजारच्या दवनीवाड्याचे सोयरे पोट धरून हसले. हसेनात का! एकोणनव्वद दिवस हिरडाटोला घरबसल्या प्रवास करत राहिला.

नव्वदाव्या दिवशी साहेब लोकांना रेल्वेचा इतिहास आठवला. जुन्या छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, आठवणींचा उत्सव, तोही नेमका याच हाल्टवर. मांडव, बँड, थर्माकोलचं इंजिन आणि त्याच्या धुराड्यात उदबत्त्यांचा पुडा. साहेब गोंदियाहून आले ते अर्थातच कारने. रेल्वेच्या प्रेमावर ते असे बोलत सुटले, की विचारू नका. केशोरावांना मंचावर बसवलं, शाल पांघरली, नारळ दिला, 'रेल्वेचे सच्चे सेवक' म्हटलं. माणूस पार विरघळला. तिकिटांची वेळ झाल्याचं त्यांना कळत होतं, पण साहेबांच्या भाषणातून उठायचं कसं? आणि गाव म्हणत होतं, एवढा मोठा कार्यक्रम झाला म्हणजे हाल्ट वाचलाच, आता तिकीट कायले काढायची?

गाडी आली. इंजिनाला ओवाळलं, फुलं उधळली, शेकडो सेल्फी निघाले. चढलं कोणीच नाही. गाडी गेली.

तेवढ्यात केशोरावांची बायको सावित्रीबाई थेट मंचापाशी आली. "तुमी इथं शाल पांघरून बसले, न् खिडकीले कुलूप हाय. आज तिकिटा कोन विकल्या?"

केशोरावांच्या पायाखालची जमीन सरकली. ते धावत सुटले, करगोट्याची किल्ली ओढून कुलूप काढलं. मागोमाग गावही धावलं. पन्नास कशाला, दोनशे माणसांची रांग लागली. त्यांनी पहिलं तिकीट उचललं, तोच खांद्यावर साहेबांचा हात पडला.

"गाडी गेल्यावर तिकीट देता येत नाही, केशोरावजी. तुम्हाला मी काय नियम सांगणार?"

साहेब वाईट नव्हते हो. त्यांना खरंच भरून आलं होतं. त्यांनी लगेच फोटोवाल्याला बोलावलं.

"असेच बसा खिडकीत. जरा हसा. हा फोटो आमच्या इतिहासाच्या पुस्तकात जाणार आहे."

आणि केशोराव, बिचारा भला माणूस, हसले.