दारातलं पात्र

भंते नंदिय थायलंडच्या एका भातशेतीच्या खेड्यातले. वय पोरसवदा, चेहरा त्याहून कोवळा. धम्म शिकवायला ते निमगाव केतकीच्या बौद्धवस्तीत आले, विहारातच राहिले आणि आठवडा कुठं सरतो ते त्यांना कळेनासं झालं. रविवारी मुलांना वंदना आणि इंग्रजी. सोमवारी एसटीनं डाळजला जाऊन बायकांना ध्यान शिकवायचं. मधे एक दिवस बारामतीच्या दवाखान्यात आजाऱ्यांपाशी बसायचं. बाजाराच्या दिवशी मात्र सुट्टी, कारण सगळी वस्ती बाजारात. त्यांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं. "कृपया आसनस्थ व्हा," म्हणाले की पोरांना हसू आवरायचं नाही. असलं मराठी निमगावात बोलतं कोण?

जेवण साखरबाईकडून. सत्तरी ओलांडलेली ही आजी रोज गरम डबा घेऊन विहारात यायची. "भंतेजी, वाळला की वो!" म्हणत समोर बसून खाऊ घालायची. भंत्यांना मात्र हे खुपायचं. त्यांच्या गावी भिक्खू सकाळी पात्र घेऊन दारोदार जातो, मुकाट उभा राहतो, लोक अन्न घालतात आणि पुण्य मिळवतात. इथं आपण पाव्हण्यासारखं आयतं खातोय, लोकांचं पुण्य बुडवतोय. एका सकाळी त्यांनी कुणालाही न विचारता पात्र उचललं.

ओढ्यापलीकडे उसाच्या कडेला एका बागायतदाराचं घर होतं. तिथल्या बाईनं अंगावरचं भगवं चीवर पाहून हात जोडले, आत जाऊन रात्रीची भाकरी आणली आणि पात्रात ठेवली. भंत्यांचा आनंद गगनात मावेना. ते तसेच वस्तीत आले आणि पात्र साखरबाईपुढं धरलं.

साखरबाईनं आत पाहिलं. तिच्या हातातला डबा सुटला, भात धुळीत सांडला.

"वरनं टाकली, का हातानं दिली?"

"ओढ्यापलीकडच्या बाईनं हातानं दिली. हसून दिली," भंते गोंधळून म्हणाले.

"आवं, कुणी सांगितलं व्हतं मागाया? बाबासाहेबांनी हेच तर सोडवलं आमचं! परकरातली पोर व्हते मी. आईसंगं त्याच दारात जायची. शिळी भाकर वरनं टाकायचे. पदरात पडली तर पडली, न्हाय तर मातीत. उशीर झाला की म्हणायचे, पुढं हो! आन तुमी आमाला शिकवाया आला, आन तुमीच..."

ती सांडलेला भात गोळा करायला वाकली. पोरगा पात्र घेऊन दारोदार जातो याचा गावाकडं भंत्यांच्या आईला सगळ्यात मोठा अभिमान, आणि तीच गोष्ट या वस्तीची सगळ्यात मोठी नामुष्की! एवढी पुस्तकं पालथी घातली, त्यात हे कसं नव्हतं? शरमेनं त्यांचे कान तापले.

संध्याकाळी विहाराची व्यवस्था पाहणारा संदेश आला. "भंतेजी, वस्ती लई नाराज हाय. साखरआजी म्हणती, असंच करायचं आसंल तर दुसरं गाव बघा."

दुसऱ्या दिवशी डबा आलाच नाही. भंते माफी मागायला म्हणून साखरबाईच्या घरी निघाले. पात्र सवयीनं हातात आलं, ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. दाराशी पोचले आणि पाठ केलेलं मराठी सगळं आटलं. मान खाली घालून ते मुकाट उभे राहिले.

साखरबाई भाकरी थापत होती. दारात उभी आकृती दिसली, हातातलं पात्र दिसलं आणि ती खेकसली, "पुढं हो!"

बोलली आणि स्वतःच हबकली. तेच शब्द, तोच सूर! आयुष्यभर जे दाराबाहेरून ऐकलं, ते आज आतून, तिच्याच तोंडातून आलं होतं. पिठाचा हात तसाच तोंडावर गेला. भंते मागं वळले होते.

"थांबा!" ती ओरडली. तव्यावरची भाकरी घेऊन ती धडपडत उंबऱ्याशी आली. "आमच्या दारात मागाया आजवर कुणी आलंच न्हाय, भंतेजी. कसं द्यायचं आसतं, मला ठावं न्हाय."

भंत्यांनी पात्र पुढं केलं.

"दुसऱ्याच्या दारात जायाचं न्हाय," ती म्हणाली. "हितंच यायचं."

साखरबाई वाकली. दोन्ही हातांनी भाकरी पात्रात उतरवली आणि बोटं तळाला टेकेपर्यंत तिनं ती सोडली नाही.