राखून ठेवलेली भिंत

माझ्या नाकावर राग असतो हे साईटवर विटांच्या ट्रकवाल्यालासुद्धा माहीत आहे. तो गेटवर गाडी लावतानाच वॉचमनला विचारतो, "मॅडम आज कशा आहेत?" वॉचमन म्हणतो, "गरम." मग तो हॉर्न वाजवत नाही, चुपचाप विटा उतरवतो आणि निघून जातो.

हा राग मी बाबांकडून घेतला. बाबा गवंडी. लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूला जिथं जिथं पक्क्या भिंती उभ्या राहिल्या, तिथं बहुतेक ठिकाणी त्यांचा हात लागलेला. कोणी पाहुणा येऊन "मिस्त्रीचं घर कोणतं" असं विचारायचा तर लोक नाव न विचारता आमचंच दार दाखवायचे. तळ्याखाली धानाच्या दोन बांध्या होत्या, त्या माय पाहायची. बाबा भिंतीवर असायचे. दहावीनंतर मी साकोलीला सिव्हिलच्या डिप्लोमाला जाते म्हटलं, तर त्यांनी समोरचं ताट बाजूला सरकवलं.

"म्या जिंदगी उन्हात काढली. तुले बी उन्हातच मराचं हाये का? बँकेत लाग, शाळेत लाग. सावलीत बस न!"

"मले सावलीत झोप येते," मी म्हटलं.

माय पदर तोंडाला लावून हसली. बाबा हसले नाहीत. पण एसटीत बसवून द्यायला तेच आले आणि गाडी हलताना खिडकीशी चालत चालत म्हणाले, "डोस्क्याले दुपट्टा बांधत जाजो." मी हो म्हटलं. किती दिवस बांधला असेल, देव जाणे.

डिप्लोमा झाला आणि नागपूरला एका बिल्डरकडे लागले. त्याने मला नेऊन बसवलं कुठं, तर एसीत. बिलं तपासा, ड्रॉइंगच्या कॉप्या काढा. साईटवर पाठवा म्हटलं की म्हणायचा, "पोट्टे लेडीजचं ऐकत नाहीत हो." घ्या! बाबांना हवी होती ती सावली मला फुकटात मिळाली आणि माझा जीव तिथे गुदमरायला लागला. एक दिवस साईटचा इंजिनिअर काम अर्धवट टाकून निघून गेला. दुसरा मिळेपर्यंत मी जाते, असं सांगून मी हेल्मेट घातलं आणि जाऊन उभी राहिले. दुसरा कोणी आलाच नाही, आणि मला तिथून कोणी हलवलंही नाही.

तिथं मला हे काम खरं काय असतं ते कळलं. सळई आली की ती बांधणारा साळ्याच्या लग्नाला गेलेला असतो. तो आला की रेती संपते. रेती आली की लाईन जाते. विटा एकावर एक ठेवणं हे गवंड्याचं काम; माणसं, माल आणि दिवस एकावर एक ठेवणं हे माझं. काही वर्षं नागपुरात ओरडून ओरडून घसा बसवला आणि मग आमच्या लाखनीतल्याच एका ठेकेदाराने हायवेलगत मुलींच्या वसतिगृहाचं काम घेतलं, तेव्हा त्याने मला साईट सांभाळायला बोलावलं. माझ्या हातात पहिल्यांदा पूर्ण इमारत आली.

अडचण गवंड्यांची होती. बरे हात सगळे नागपूर-रायपूरकडे गेलेले. ठेकेदार म्हणाला, "अहो, तुमचे बाबा घरीच आहेत न?" मी नको म्हटलं. घरी येऊन तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा थापीची पिशवी घेऊन माझ्या स्कूटीजवळ उभे.

"मी मिस्त्री हावो. काम हाये तिथं जातो. तुह्या परवानगीनं नाही जात."

पहिल्या दिवशी सगळ्या साईटचे कान आमच्याकडे. बाबा सगळ्यांसमोर आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम, कोनत्या भितीपासून इटा लावू?" मला फसकन हसू आलं. ते जवळ येऊन दबक्या आवाजात खेकसले, "साईटवर हासू नोको." तेव्हापासून घरी मी बाई आणि साईटवर मॅडम. भिंतीवर असेपर्यंत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नाही.

त्यांच्या हाताखाली एक मावशी होती. वर्षानुवर्षं तीच त्यांना विटा-मसाला देणारी रेजा. बाबा थर लावायचे, मावशी भिंतीला ओळंबा लावून बघायची आणि म्हणायची, "हाये सरळ, भाऊ." मग बाबा पुढचा थर घ्यायचे. जुन्या जोडीदारांची सवय असते तसं ते मला वाटायचं.

मग रोवणी आली, भातलावणीचे दिवस. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत साईटवर माणूस शोधून सापडत नाही. सगळे बांधीत, गुडघाभर चिखलात. मी शेड्युलमध्ये ते दिवस रिकामेच धरते. स्लॅब टाकून झाला होता, आतल्या खोल्यांच्या भिंती तेवढ्या राहिल्या होत्या. मावशी आपल्या धानाच्या रोवणीला गेली. बाबा आणि एक तरुण गवंडी, असे दोघेच भिंतींवर राहिले.

त्या तरुण गवंड्याने एक भिंत वाकडी लावली. मी ओळंबा लावला, बघितलं आणि म्हटलं, "पाडा." तो खूप कुरकुरला. बाबा पलीकडून म्हणाले, "मॅडम बरोबर बोलून राहिल्या. पाड." त्याने पाडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी बाबांच्या भिंतीला ओळंबा लावला. वर दोरी भिंतीला टेकलेली आणि खाली वजन भिंतीपासून चांगलं दोन बोटं लांब. मी दोरी सोडून पुन्हा लावली. तेच. ठेकेदार सोबत होता. त्याच्या लक्षात आलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ द्या हो. मिस्त्री आपलेच आहेत. प्लास्टर जरा जाड मारू, कोणाला दिसते?" त्याचा हेतू वाईट नव्हता. बाबांना तोही मानायचा.

पण त्या तरुण गवंड्याची थापी थांबली होती. तो बघत होता. ही भिंत मी राहू दिली असती तर उद्यापासून माझ्या 'पाडा'ला कोणी भीक घातली नसती. आणि पाडली तर बाबांचं मिस्त्री हे नाव चारचौघांत पडणार होतं, आणि त्या नावाशिवाय त्यांच्यापाशी दुसरं काय होतं?

"मिस्त्री," मी म्हटलं, "ही भिंत पाडावी लागते."

"भीत सरळ हाये, मॅडम."

"ओळंबा बघा."

ते खाली बसले. दोरीला नाक लागेल इतके जवळ गेले. बराच वेळ बघितलं. मग मान वर करून शांतपणे म्हणाले, "सरळच तं हाये."

सगळ्यांना ती फट दिसत होती. कोणी हसलं नाही. त्यांचा तो चेहरा मी ओळखते. ते हट्ट करत नव्हते, खोटंही बोलत नव्हते. त्यांना ती फट दिसतच नव्हती.

तरी मी म्हटलं, "पाडा."

बाबांनी थापी घमेल्यात ठेवली, हात धुतले आणि निघाले. हायवेच्या कडेने, ट्रकांच्या बाजूबाजूने, घराकडे चालत. मी मागे धावले नाही. सगळी साईट बघत होती. स्टोअरमध्ये सिमेंटच्या पोत्यांमागे गेले आणि तिथं हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी मावशी रोवणी आटोपून परत आली. पाडलेली भिंत बघून तिथंच खाली बसली.

"भाऊच्या डोळ्यात मोतीबिंदू हाये न बाई. लय दिवसापासून मीच पाहतो न सांगतो. तुमाले नाही सांगाचं म्हनून आन घातली होती मले."

"मग काहून गेल्या रोवणीले?" माझा राग कोणावर निघावा ते मलाच कळेना.

"अवो, धान का तुमच्या शेड्युलनं चालते?" मावशीही काही कमी नव्हती.

संध्याकाळी घरी गेले तर बाबा कालसारखेच छपरीत पाठ करून बसलेले. मी समोर जाऊन बसले.

"काहून सांगतलं नाही?"

"थंडीत ऑपरेशन करू म्हनत होतो." मग म्हणाले, "मिस्त्रीचे डोळे गेले हे गावभर झाल्यावर मले कोण बलावते? दुसरं का येते मले?" आणि मान खाली घालून, "आता झालंच. पोटच्या पोरीनं भितीवरून उतरवलं."

"तुमाले नाही उतरवलं," मी ओरडलेच, "भीत पाडली! ते खोली तशीच राहीन. डोळ्याचं ऑपरेशन करा, मंग तुमीच बांधा. तवरक तिथं कोणी वीट लावन तं माह्याशी गाठ हाये."

"न् शेड्युल?" हा शब्द ते माझ्याकडूनच शिकले होते.

"शेड्युल माह्यं हाये."

ठेकेदाराने कपाळाला हात लावला. मी वरच्या मजल्याचं प्लास्टर आधी घेतलं, संडास-बाथरूमच्या फरशा आधी घेतल्या, ती एक खोली मागे ठेवली. तो तरुण गवंडी म्हणाला, "मॅडम, मी लावून देतो न, अर्ध्या दिवसाचं काम." मावशीने त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. संध्याकाळी बघते तर त्याने पाडलेल्या भिंतीच्या विटा खरवडून, साफ करून त्याच खोलीत नीट रचून ठेवलेल्या.

ऑपरेशन भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात झालं. माय सोबत होती. पट्टी निघाली त्या दिवशी दोघं एसटीने परत येणार होते. माय गावात उतरली. बाबा उतरले नाहीत, लाखनीपर्यंत आले.

मी वरून बघितलं: काळा चष्मा घातलेला माणूस गेटवर. मी ओरडतच खाली आले.

"डॉक्टरनं धुळीत जाऊ नका म्हटलं न! कोणी सोडलं आत?"

"बाहीरच हावो न, मॅडम," बाबा म्हणाले. खरंच, ते गेटच्या बाहेरच उभे होते. "ते भीत?"

मी हात केला. दारं अजून बसली नव्हती, त्यामुळे गेटमधून थेट ती खोली दिसत होती. रचलेल्या विटा आणि रिकामी जागा. बाबांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"ठेवली हाये," मी म्हटलं.

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता विटांबद्दल काही सांगतील. पण ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"अवो बाई," साईटवर पहिल्यांदाच ते मला तसं म्हणाले, "तू एवढी काळी कधी झाली वो?"

त्यांनी अंगठा माझ्या गालावरून फिरवला, प्लास्टरचा खरखरीतपणा बघतात तसा. "सावलीत बस म्हनलो होतो न तुले. दुपट्टा बांधत जाजो म्हनलो होतो."

"सावलीत बसली असती तं तुमची भीत कोनं पाडली असती?"

मला वाटलं हसतील. पण त्यांचे डोळे भरून यायला लागले, आणि डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरने बजावून सांगितलं होतं.

"रडू नका!" मी ओरडले. "ऑपरेशन खराब होईन! बाबा, रडू नका म्हनते न!"

सगळी साईट बघत होती, आणि रडत मीच होते.