नाचणीवारचा अन्याय

माझी पुतणी ईश्वरी, वय वर्षे पाच, राहणार सातारा, हिच्यावर मंगळवारी सकाळी ठीक सव्वाआठ वाजता अन्याय झाला. (मंगळवार बाहेरच्या जगासाठी. आमच्या घरात तो नाचणीवार होता.)

ईश्वरीच्या पोटाला गहू चालत नाही, दूध चालत नाही आणि एकच धान्य रोज दिलं तर तेही चालेनासं होतं. म्हणून डॉक्टरांनी चार दिवसांचा फेरा लावून दिला होता. पहिल्या दिवशी ज्वारी, मग तांदूळ, मग नाचणी, मग वरई, आणि पाचव्या दिवशी पुन्हा ज्वारी. सलग सोळा दिवस पुरळ आलं नाही, पोट दुखलं नाही, तर बक्षीस म्हणून चार चमचे शिकरण देऊन बघायची. पोरगी त्या शिकरणीसाठी जगत होती. कॅलेंडरवर रोज एक केळं काढायची.

दादा पलटणीत. वहिनींनी नऊ केळी पार पाडली आणि सोमवारी ऑफिसच्या ट्रेनिंगला सांगलीला गेल्या. कारभार माझ्याकडे आला. मी चळवळीतला माणूस. टँकरपासून खड्ड्यांपर्यंत पत्रकं काढलेली. एका मुलीचं जेवण म्हणजे काय मोठंसं? मी भिंतीवर दीड हात लांब तक्ता लावला, वारांना नवी नावं दिली आणि ईश्वरीकडून घोषणेसारखी पाठ करून घेतली. सोमवारी भातवार सुखरूप पार पडला. तिने ताट चाटून पुसून खाल्लं. मी वहिनींना फोन करून कळवलं, की तुमच्या हातचं ढकलत होती, माझ्या हातचं मागून घेते.

मंगळवारी सव्वाआठला तिच्या पाठीवर पुरळ उठलं. दहा केळी गेली. मोजणी पुन्हा एकपासून.

ईश्वरी रडली नाही. तिने सगळ्या केळ्यांवर काळा खडू फिरवला. ते मला बघवेना. शत्रू बाहेरचाच असणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. दुपारपर्यंत ‘खाऊशाहीचा जाहीर निषेध’ हे पत्रक चौदा घरांत पोहोचलं. त्यात ‘पापडाच्या पाटीआड लपलेल्या प्रवृत्ती’ असा उल्लेख होता. गल्लीत पापड एकट्या शालनकाकू करतात.

त्या पत्रक घेऊनच आल्या. “आरं, म्या तुझ्या पोरीला पाणीबी पाजलं न्हाई कवा. आन् ही प्रवृत्ती म्हंजी कोण, मीच न्हवं?”

मी म्हणालो, चौकशी चालू आहे.

बुधवारी (वरईवार) चौकशी पिठाच्या गिरणीत पोहोचली. आमच्या नाचणीआधी तिथे गहू दळले होते! मी जात्यासमोर ठिय्या दिला. मागे नऊ डबे खोळंबले. गिरणीवाले शांतपणे म्हणाले, “दादा, पयलं दोन मूठ तुमचंच धान्य घालून काढून टाकायचं, मग बाकीचं दळायचं. तुमच्या वैनी तसंच करून नेत्यात.” हे मला वहिनींनी सांगितलं होतं, असं अंधूक आठवलं. पण माघार घेणं चळवळीत बसत नाही. मी तो विजय म्हणून जाहीर केला.

गुरुवारपासून ईश्वरीला अंगणबंदी. शुक्रवारी तिचं पोट दुखलं. घरात ती, मी आणि तक्ता, तिघंच होतो. मी तक्त्याकडे संशयाने पाहिलं.

शनिवारी वहिनी आल्या. ताटातला एक घास खाऊन त्यांनी विचारलं, “भाऊजी, चारही दिवस बदलत नाही असं काय घालता?”

“काहीच नाही. तेलसुद्धा बदलतो,” मी ताठ मानेने म्हणालो. “फक्त चवीला चिमूटभर हिंग. तेवढं माझं.”

वहिनींनी हिंगाची डबी उलटी केली, डोळ्यांजवळ नेली आणि माझ्या हातात दिली. तिथे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: गव्हाचं पीठ. हिंगात गहू जास्त आणि हिंग कमी होता. ज्याने गल्लीभर पत्रकं वाटली, त्याने घरातली डबी वाचली नव्हती.

“मग अन्याय तूच केलास?” ईश्वरीने विचारलं.

“व्हय,” मी म्हणालो.

“मग पत्रक काढ.”

काढलं. तेही चौदा घरांत दिलं, ‘प्रवृत्ती’च्या जागी माझं नाव घालून. ईश्वरीने नवं पहिलं केळं काढलं, पण शालनकाकूंनी दार उघडलं नाही. पत्रक तेवढं आतून ओढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पापड वाळत घातले.

तेव्हा वाचकहो, नुसत्या माना डोलवू नका. आत्ता उठा, स्वयंपाकघरात जा, हिंगाची डबी उलटी करा आणि चष्मा लावून वाचा. आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवून आलेलं कुठलंही पत्रक हाती पडलं, तर आधी खालचं नाव बघा. माझं असेल तर सरळ पापड वाळत घाला.