हरलेल्यांची चोपडी

रत्नागिरीच्या कोर्टात जिंकण्याच्या आशेने येणारी माणसे मी शेकड्यांनी पाहिली, पण कोणी हरतो का, याची वाट पाहत तिथे रोज अकराच्या ठोक्याला हजर राहणारा माणूस सगळ्या कोकणात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. माणूस दुष्ट मुळीच नव्हता. मुंगी चिरडली तरी तिच्या वारसांची चौकशी करील असा. पण मामांना नाद होता तो म्हणींचा, आणि तोही सगळ्या म्हणींचा नव्हे. पाऊसपाणी, सासूसून, खाणेपिणे यांवरच्या म्हणी ते बायकापोरांसाठी सोडून देत. कोर्ट, कज्जा, साक्ष, पंच, न्याय आणि अन्याय एवढ्याच विषयांवरचे जुने बोल ते गोळा करत. अशा म्हणी खऱ्या फक्त हरलेल्या माणसाच्या तोंडून निघतात, असे त्यांचे ठाम मत होते.

मामा अर्जनवीस होते. कोर्टाच्या आवारात करंजाच्या झाडाखाली चटई, तिच्यावर उतरते मेज, दौत, टाक आणि पानाची चंची, एवढा त्यांचा संसार. घरी दुसरा संसार नव्हता. मामी लग्नानंतर चार वर्षांतच गेल्या होत्या आणि मूलबाळ नव्हते. लहानपणी माडावरून पडल्याने डावा पाय अधू झाला होता, त्यामुळे ते चालताना दर दुसऱ्या पावलाला जमिनीला मान दिल्यासारखे वाकत. अक्षर मात्र असे की न्यायाधीशसुद्धा अर्ज वाचण्याआधी क्षणभर नुसता पाहत. या अक्षराची आणि कायद्याच्या भाषेची सवय त्यांच्या हाडांत इतकी मुरली होती की आमच्या लग्नाची याद, म्हणजे देण्याघेण्याची यादी, त्यांनी थेट दस्तऐवजाच्या थाटात लिहिली. माझे वडील ‘लिहून घेणार’, सासरे ‘लिहून देणार’, मुलीच्या उजव्या गालावरचा तीळ ओळखीची खूण म्हणून नोंदलेला, आणि खाली दोन साक्षीदार. माझे वडील संतापले होते, पण त्यात एकही चूक सापडेना म्हणून त्यांनी मुकाट्याने सही केली. ती याद आमच्याकडे अजून आहे. संसारात कधी खटका उडाला की बायको ती काढून कलमे वाचते.

मी तेव्हा, म्हणजे एकोणीसशे विसाच्या पुढच्या सालांत, रत्नागिरीला शाळेत मास्तर होतो. शाळा कोर्टापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि ती सुटल्यावर मी तिकडे डोकावलो की मामा मला पकडून साक्षीदार करत. त्यांची एक लाल कापडी बांधणीची जाड चोपडी होती. प्रत्येक पानावर वर सांगणाराचे नाव, मग गाव, मग दाव्याचा विषय, मग निकाल, त्याखाली म्हण, आणि तळाशी साक्षीदाराची सही. साक्षीदाराशिवाय एकही म्हण ते दाखल करून घेत नसत. मी एकदा म्हटले की मामा, म्हणीला साक्षीदार कशाला, ती काय नाकबूल होणार आहे? त्यावर ते शांतपणे म्हणाले, “जावईबापू, उद्या दिवस पालटले की हाच माणूस म्हणेल, असं मी बोललोच नव्हतो.”

त्यांची रीत पाहण्यासारखी होती. निकाल लागला की जिंकलेला पक्षकार धडाधड पायऱ्या उतरून वकिलामागे धावे. हरलेला मागाहून सावकाश येई. कोर्टाला जांभ्या दगडाच्या सात पायऱ्या होत्या, आणि मामांच्या पाहणीप्रमाणे हरलेला माणूस तिसऱ्या पायरीवर हटकून बसतो. वहाणा घालायचे निमित्त करतो आणि घालत मात्र नाही. मामा लंगडत जाऊन त्याच्या शेजारी बसत, चंची उघडत, अडकित्त्याने सुपारी कातरू लागत आणि एक अक्षर बोलत नसत. सुपारी संपत आली की तो माणूस आपण होऊन एखादे वाक्य बोले. आजोबांकडून, आईकडून कधीतरी ऐकलेले, इतके दिवस नुसते कानावरून गेलेले, आणि आज पहिल्यांदा कळलेले असे ते वाक्य असे. मामा मग हलकेच चोपडी उघडत.

एकदा एक जाडजूड खोत दावा जिंकून आले आणि स्वतःहून मामांना एक म्हण देऊ लागले. म्हण उत्तम होती. मामांनी ती मन लावून ऐकली, वाहवा केली, आणि चोपडी मिटून टाकली. खोतांना राग आला. “आपण जिंकलात,” मामा म्हणाले, “तेव्हा हे पेढ्यांबरोबर वाटा. मला लिहिता यायचं नाही.” उलट मांडवीची एक कोळीण मासळी सुकवायच्या जागेचा दावा हरून आली, तिला मामांनी स्वतः पाणी आणून दिले. तिने जी म्हण सांगितली ती इतकी खारट होती की मामांचे कान लाल झाले. टाक हवेत थांबलेला पाहून ती म्हणाली, “लिवा ना मामा. कोर्टात खोटं लिवताव, मंग ह्ये खरं लिवायला काय झालं?” मामांनी लिहिले, मी सही केली, आणि ते पान दुमडून टाचणी लावली. आमच्या बायकोने ते पान शोधण्यासाठी चोपडी दोनदा चाळली होती, हे मला माहीत आहे. तिला ते सापडले की नाही, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.

वाचकांना इथे एखाददुसऱ्या म्हणीची अपेक्षा असेल. ती मी पुरी करणार नाही, कारण मामांनी माझ्याकडून तसे वचन घेतले आहे. ही चोपडी छापा, असा आग्रह मी एकदा धरला होता. त्यांच्या मते या म्हणी औषधाच्या होत्या आणि निरोगी माणसाला पाजायच्या नव्हत्या. फिर्याद लिहायला जो येईल त्याच्यापुढे ते आधी चोपडी उघडत आणि त्याच्या दाव्याशी जुळणारे पान वाचून दाखवत. हरलेल्याचे नाव, गाव, विषय, आणि मग म्हण. ऐकून निम्मे लोक टोपी खाजवत परत जात. फणसाच्या झाडावरून भांडत केळशीहून अपिलासाठी आलेले दोघे चुलतभाऊ असेच एक पान ऐकून एकाच बोटीने परत गेले. एका वकिलांनी मामांना भर आवारात कोर्टाचा शत्रू म्हटले होते. पुढे त्यांच्याच घरात वाटणीची कुरबुर सुरू झाली, तेव्हा त्यांनी आपल्या काकांना गुपचूप करंजाखाली पाठवले.

या सगळ्यात मामांची एकच हौस अपुरी होती. चोपडीत त्यांची स्वतःची म्हण नव्हती. कधी कधी चहा पिता पिता ते एखादे वाक्य जुळवून मला ऐकवत. मी म्हणे, झकास आहे, लिहा. ते मान हलवत. “हरलो कुठं मी अजून?” असे म्हणून कप खाली ठेवत. मी हसत असे. पुढे या हसण्याची मला फार लाज वाटली.

खाडीपलीकडे मामांचे गाव होते आणि तिथे पोफळीची वडिलार्जित बाग. चाळीस वर्षांपूर्वी मामा आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, यांच्यात तिची वाटणी झाली होती, आणि तीत भांडणतंटा काही नव्हता. पुढची बाग दादांची, मागची मामांची. मामांच्या बागेत जायचे तर दादांच्या बागेतून जावे लागे. मध्ये जांभ्याचा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत, होती. मामांना गडगा चढता येत नाही म्हणून दादांनी स्वतःच्या हाताने तो एका जागी गुडघ्याइतका उतरवून खिंड पाडली होती आणि तिथे दोन चिरे पायरीसारखे बसवले होते. दर महिन्याला मामा जात, दादा ओटीवरून हाक मारत, गूळपाणी होई, आणि मग मामा आपल्या पोफळी पाहायला जात. हात थरथरू लागले की कोर्ट सोडून या बागेत झोपडी बांधून राहायचे, हा त्यांचा म्हातारपणाचा बेत होता. दुसरा बेत त्यांच्याजवळ नव्हता.

दादा वारले. त्यांचा मुलगा मुंबईची नोकरी सोडून गावी आला आणि त्याने वर्षाच्या आत खिंड बुजवून गडगा सरळ केला. मुलगा वाईट नव्हता. खिंडीतून गुरे शिरत आणि रोपे खात, ही गोष्ट खरी होती. तो मामांना अदबीने म्हणाला, “काका, कागदात वाट दाखवा, मी आजच दगड काढतो.” मामा ऐटीत घरी आले आणि वाटणीपत्र काढून बसले. ते त्यांनीच लिहिलेले होते. चतुःसीमा होत्या, विहीर होती, पाण्याच्या पाळ्या होत्या, माड न् माड मोजलेला होता. वाट नव्हती. इतरांच्या हजारो कागदांत बोळ, पाणंद, पायवाट, मोरीचे तोंडसुद्धा न विसरणारा हा माणूस आपल्या घरच्या कागदात वाट लिहायचीच विसरला होता. मी कारण विचारले. ते कागदाकडे पाहत म्हणाले, “दादाच्या दारातनं जायचं, त्यात लिहायचं काय होतं?”

दुसरा रस्ता होता, पण तो खालच्या व्हाळातून, ओढ्याच्या दगडधोंड्यांवरून. धडधाकट माणूस जाई, मामांना ते शक्य नव्हते. शेवटी त्यांनी दावा लावला. वकिलांनी त्यांना समजावले की कागदात नसले तरी बिघडत नाही. चाळीस वर्षे उघडपणे आणि हक्काने वहिवाट केली, एवढे साक्षीत सांगा, काम फत्ते; मेहेरबानीने जाऊ दिले म्हटले की मात्र दावा बुडाला. मामांनी दादांची परवानगी कधीच मागितली नव्हती, तेव्हा हे खोटेही नव्हते. मीही तेच म्हणालो. 

साक्षीच्या दिवशी मी अर्धी रजा काढून गेलो. मामांनी सुरुवात चांगली केली. मग समोरच्या वकिलांनी विचारले की गडग्याची खिंड कोणी पाडली. मामा म्हणाले, दादानं, माझ्या पायासाठी. वकील म्हणाले, म्हणजे त्यांनी मेहेरबानीने जाऊ दिलं? आमच्या वकिलांना एकाएकी खोकला आला. न्यायाधीशांनी लेखणी थांबवून वर पाहिले. मामांनी कठड्याला धरून अधू पाय नीट केला. ‘हक्काने’ या एका शब्दाचा प्रश्न होता, आणि तो शब्द त्यांनी दुसऱ्यांसाठी हजारदा लिहिला होता.

“मेहेरबानी नव्हे, माया होती,” ते म्हणाले. “हक्क सांगायची वेळ दादानं माझ्यावर कधी आणलीच नाही. आता तो नाही म्हणून हक्कानं जात होतो असं कसं सांगू?”

महिन्याने निकाल लागला, दावा खर्चासह रद्द. मी करंजाखालून चोपडी आणि चंची घेऊन तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलो. मामा सावकाश उतरत आले, बसले, वहाणा पुढे ओढल्या आणि घातल्या नाहीत. मी अडकित्ता घेऊन सुपारी कातरू लागलो. मला ती चांगली कातरता येत नाही, खांडे खाली उडत होती. एक अक्षर न बोलण्याची त्यांची रीत मात्र मी पाळली.

सुपारी संपली तेव्हा मामांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेलो. सांगणाराचे नाव. गाव. विषय, वाट. निकाल, विरुद्ध. मग ते थांबले. मी टाक दौतीत दोनदा बुडवला.

“पुढचं कोरं ठेवा.”

मी म्हटले, “मामा, आज तर तुमचा अधिकार आहे.”

“तोंडाशी आलंय की. पण भावाभावांवरचं आहे ते, दादाला लागेल.” मग त्यांनी बोट तळाशी टेकवले. “सही करा.”

तेवढ्यात पुतण्या पायऱ्या उतरून आला. त्याचाही चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. म्हणाला, “काका, मी दगड काढतो पुन्हा, तुम्ही ये-जा करा.” मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले की कोर्टाने नाही म्हटले आहे, तेव्हा आता नको. जन्मभर लोकांना कोर्टापासून परतवणारा हा माणूस कोर्टाचा हुकूम मोडायला तयार नव्हता. पुतण्याने तरीही खिंड मोकळी केली. मामा त्या खिंडीतून पुन्हा गेले नाहीत. वर्षातून एकदा दोन गड्यांच्या खांद्यांवर हात टाकून व्हाळातून जात, पोफळींना हात लावत आणि तसेच परत येत. झोपडीचा बेत त्यांनी पुन्हा काढला नाही.

अर्ज लिहिणे मात्र चालू राहिले. फक्त भाऊ भाऊ कज्जा घेऊन आले की ते आता म्हण वाचत नसत. ते कोरे पान उघडून पुढे ठेवत. लोक विचारत, इथं काय लिहायचं राहिलं? मग मामा त्यांना गडग्याची खिंड आणि ते दोन चिरे कसे होते ते सांगत. म्हणींनी निम्मे परत जात. या पानाने त्याहून जास्त जात, असे मी स्वतः पाहिले आहे.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. चोपडी माझ्याकडे आहे. त्या पानावर मध्ये काहीच नाही आणि तळाशी साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सही करताना शाई थोडी पसरली होती, पण नाव वाचता येते.