मामींच्या मापाची गाडी

दुकानात मिळणाऱ्या एकाही वस्तूवर माझ्या बायकोच्या मामांचा विश्वास नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत उमेदीची वर्षं काढून हा माणूस टेक्सासात आला, प्लेनोमध्ये पंचवीस वर्षं पंपांची डिझाइन्स करून रिटायर झाला, आणि या सगळ्या काळात घरात आलेली प्रत्येक वस्तू त्यांनी आधी उघडली, मग सुधारली आणि मगच वापरली. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेप असते. कुणाकडे गेले की चहा येईपर्यंत त्यांची सोफ्याची उंची मोजून झालेली असते. आमच्या मुलीच्या बारशाला पाळण्याच्या दांड्यांमधलं अंतर मोजून, "अर्धा इंच जास्त आहे, बाळाचा पाय अडकेल," असं त्यांनी भर बायकांत जाहीर केलं आणि घरी जाऊन लाकडी पट्ट्या घेऊन आले. आमच्या लेकीचं नाव तासभर उशिरा ठेवलं गेलं, पण तिचा पाय कधी अडकला नाही.

मामींचं सगळं निराळं. बोलणं थोडं आणि काम नेमकं. मंडळाच्या मराठी शाळेत दर रविवारी त्या वर्ग घ्यायच्या. मुलं इंग्रजीत बोलली की मामींना ऐकूच यायचं नाही, आणि तहान लागलेलं पोर शेवटी नाइलाजानं "मामी, पाणी" म्हणायचं. मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डावा गुडघा नीट वाकेना. आमची गाडी त्यांना बुटकी पडायची, शेजाऱ्यांची उंच. एकदा ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये त्या आमच्या गाडीच्या दारात अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा दहा मिनिटं अडकून राहिल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "आता मी कुठं यायची नाही." आणि खरंच, त्या घराबाहेर पडायच्या थांबल्या. वर्ग कसाबसा बदली शिक्षकांवर चालला.

मामांनी गराज रिकामं केलं. एका जुन्या पिकअपची चॅसिस आली, दुसऱ्या कुठल्या गाडीचं इंजिन आलं, आणि न्हाव्याच्या दुकानातली एक फिरती खुर्ची आली. "मामा, एखादी मोठी व्हॅन घेऊन टाका ना," मी म्हणालो, तर म्हणाले, "जावईबापू, विकतच्या गाडीत माणसाला गाडीच्या मापाचं व्हावं लागतं." दीड वर्ष ठोकाठोक चालली. मामी गराजच्या दारात स्टुलावर बसून उजेडासाठी बॅटरी धरायच्या. तयार झालेली गाडी पुढून ट्रक आणि मागून देव्हारा दिसत होती, पण दार सताड उघडायचं आणि सीट बाहेरच्या बाजूला वळायची.

गाडी बांधणं सोपं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. इन्शुरन्सवाल्यांना गाडीचा नंबर हवा होता आणि नंबर देणाऱ्या ऑफिसला इन्शुरन्स. मामा रोज फोनचा स्पीकर लावून बसायचे. पलीकडच्या बाईंनी विचारलं, आठवड्याला किती माइल्स चालवणार? मामा म्हणाले, "फोर. टू गोइंग, टू कमिंग." बाईंना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मामांनी त्यांना मामींचा गुडघा, मराठी शाळा आणि खुर्चीचं बेअरिंग असं सगळं क्रमवार सांगितलं. बेचाळीस मिनिटांनी बाईंनी फोटो मागवले आणि चौथ्या दिवशी तात्पुरता कागद पाठवला. मग गाडी टो-ट्रकवर चढून तपासणीला गेली. तिथला ऑफिसर खुर्चीत बसून दोनदा गोल फिरला आणि त्यानं सही केली.

आता फक्त नोंदणीचा अर्ज राहिला होता. पण घरात काही नवीन आलं की त्यावर नाव मामींचं, हा मामांचा जुना रिवाज. गवत कापायचं मशीनसुद्धा मामींच्या नावावर आहे. तेव्हा मालक या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरांत मामींचं नाव लिहिलं होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, घरी बांधलेली गाडी आहे, ओनरनं स्वतः यायला हवं. ओनरला बसता येईल अशी एकच गाडी होती, आणि ओनर आल्याशिवाय ती रस्त्यावर येणार नव्हती. त्यात मंडळाचा निरोप आलेला: येत्या रविवारी मामी आल्या नाहीत तर वर्ग बंद करावा लागेल. मी म्हणालो, "मामा, नवीन फॉर्म भरू, तुमच्या नावानं." मामा माझ्याकडे बघतच राहिले. "गाडी हिची आहे," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मामींनी साडी नेसली, बूट घातले आणि म्हणाल्या, "अहो, चला. चालत जाऊ."

दीड मैल. प्लेनोत दीड मैल कुत्र्याशिवाय कुणी चालत नाही. पुढे वॉकर धरून मामी, शेजारी बॅटरी धरायचं तेच स्टूल घेऊन मामा, मागे फाइल घेऊन मी. दर दोनशे पावलांवर मामा स्टूल मांडायचे, मामी बसायच्या, उठायच्या. तीन गाड्या थांबल्या, आर यू ओके म्हणून विचारून गेल्या. तिसरीला मामी म्हणाल्या, "वी आर गोइंग टू ब्रिंग अवर कार." ऑफिसात पोचलो तेव्हा मामींचा चेहरा लालबुंद झाला होता. काउंटरवरच्या बाईला कळलं की या चालत आल्यात, तेव्हा ती स्वतः बाहेर येऊन त्यांच्या स्टुलाशी वाकली आणि तिथंच सही घेतली. मेक या रकान्यात काय लिहू, तिनं विचारलं. मामी म्हणाल्या, "होममेड."

रविवारी मामा दार उघडून उभे राहिले. मामी टेकल्या. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, डाव्या गुडघ्यावर जराही ताण नाही. त्यांनी वाकून आपली पावलं बघितली. मग म्हणाल्या, "हे माप कधी घेतलंत?"

"तू पोळ्या लाटत होतीस तेव्हा."

मामी हसल्या. सीट वळवून आत गेल्या, पदर सारखा केला. वर्ग त्या दिवशी वेळेवर भरला.

याला आता चार वर्षं झाली. मामांच्या डोळ्यांनी दगा दिला, लांबचं दिसेनासं झालं, त्यांचं ड्रायव्हिंग सुटलं. रविवारी गाडी मी चालवतो. मामी पुढे आपल्या खुर्चीत, आणि मामा मागच्या बाकावर, हनुवटीपर्यंत आलेले गुडघे हातांनी आवळून. अख्ख्या गाडीत तेवढ्या एका जागेचं माप घ्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. ते आखडून बसलेले आरशात दिसतात. परवा मी म्हणालोच, "मामा, हे बाक जरा मागे सरकवूया का?"

"राहू दे," ते म्हणाले. "सरकवलं तर मला ही दिसायची नाही."