उघडा हात लागला, की बाद!

कामावर तोंडाला मास्क, त्यामुळे बोलायचं सगळं साठून राहतं. जेवणाच्या सुट्टीत आधी किस्से बाहेर पडतात, मग डब्यातली भाकरी!

पिरंगुटला आमच्या कंपनीत मोडलेल्या हाडावर बसवायच्या धातूच्या पट्ट्यांना चांदीचा बारीक थर देतात. त्यानं आत जंतू सहसा धरत नाहीत. आम्ही बायका पट्ट्या तपासून पॅक करतो. नियम एकच. उघडा हात लागला, की पट्टी बाद. टाका लाल क्रेटमध्ये!

*

मी नवीन लागले तेव्हा सासूबाईंना एवढंच कळलं, की चांदीचं काम आहे. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत त्यांची जोडवी!

"जातीच हायेस, तर एवढी उजळून आण."

*

एकदा कंपनीचे सर पाहुण्यांना घेऊन आले. समजावण्याच्या भरात पट्टीवर उघडं बोट टेकवलं. शेजारच्या शमीमभाभींनी लाल क्रेट पुढं सरकवला.

"सर, टाका."

"अहो, मी आहे!"

"ते जंतूंना कुटं ठाऊक हाय?"

*

हौसाअक्का आमच्यात सगळ्यात थोरल्या. प्रत्येक पट्टी पॅक करताना पुटपुटतात, "जा बाई, नीट नांद."

सर म्हणाले, "अक्का, लोखंड आहे ते!"

"मंग? सासरीच चाललंय न्हवं!"

*

हे सगळं घरी सांगायचे, तर माझ्या सईचा खेळच झाला. बिस्कीट खाली पडलं, की ओरडायची, "बाद!"

मग सईच बांधावरून पडली. पाय मोडला, बावधनला ऑपरेशन झालं, पट्टी बसवली. थर असो नसो, जखमेतून जंतू गेला तर पाय परत उघडावा लागतो, हे मला नको इतकं माहीत.

अक्का बघायला आल्या, तर सईशी बोलायच्या आधी तिच्या पायातल्या पट्टीशी वाकून बोलल्या. "नीट नांद गं बाई, लेकरू हाय."

मी मात्र घाबरून गेले होते. मेडिकलमधून हातमोजे आणले. कोपरापर्यंत हात धुवायचे, हातमोजे घालायचे, तेव्हा कुठं तिला घास भरवायचे. वेणीसुद्धा तशीच. जवळ घेणं तर बंदच.

सई काही दिवस बघत राहिली. एकदा वेणी घालताना तिनं माझं मनगट धरलं.

"आई, मी बाद झाले तरी चालंल. हातमोजे काढ ना गं!"